न जळलेली चूड

१

दातुक समाउन यांचा देह मधाच्या मोठ्या झाडाखाली सापडला आणि त्यांच्या हाताशी चूड पडलेली होती, एवढं कळल्यावर कुआला तेमुनी गावात पुढे कुणी काही विचारलं नाही.

मीही विचारलं नाही. मी कमरुल, गावच्या कचेरीत कारकून. देह उचलायला गेलेल्यांत मी होतो. झाड मुळासकट आडवं झालं होतं. भोवती गुडघाभर राख, आणि त्या राखेत आमचे दातुक, गावचे वडीलधारे, एका कुशीवर. चूड त्यांच्या उजव्या पंजाजवळ होती. सालीच्या पट्ट्या वेतानं आवळून बांधलेली, हातभर लांबीची. आग्या मोहोळ उतरवताना माश्यांना धूर द्यायला आमच्याकडे अशी चूड लागते, आणि दातुकांचा सगळा जन्म मोहोळं उतरवण्यात गेला होता.

सरपंच पाक बस्तियार यांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "म्हाताऱ्यानंच घात केला म्हणायचा."

आग लागली ती सरपंचांच्याच लेकीच्या लग्नाच्या दिवशी, भर दुपारी. सगळा गाव मांडवात होता. पलीकडच्या पामच्या मळ्याचे मॅनेजर आले होते, कालव्याकाठचे जावाहून येऊन राहिलेले शेतकरी आले होते. दातुकांची लेक लिस्मा पंगतीत वाढत होती, जावई युस्मादी पाहुण्यांच्या होड्या धक्क्याला लावून घेत होता. नव्हते ते एकटे दातुक. मग रानाच्या पोटातून पिवळट धूर वर आला आणि मांडव रिकामा झाला.

ते रान आमचं शेवटचं रान होतं. नदीपलीकडे नजर पोचेल तिथवर नुसती पामची झाडं, एकाच उंचीची, एकाच रांगेत. अलीकडेही मळा येऊन भिडला होता, त्यातून हा तुकडा दातुकांनी राखला. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी तो सरकारकडून गावाच्या नावावर करून घेतला होता. अट एकच, गावानं तो सांभाळायचा. आता गावच्याच माणसाच्या हातून तो पेटला म्हटल्यावर सरकार तो काढून घेणार, आणि काढून घेतलेली जमीन शेवटी कुणाच्या घशात जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून दफनाला फार माणसं आली नाहीत. धुरानं डोळे चुरचुरत होते, तेवढं निमित्त लोकांना पुरलं.

जिल्ह्याहून पोलीस येणार होते ते कागद पुरे करायला. आल्या त्या त्युर्मा सितोम्पुल नावाच्या बाई. आमच्याकडे पुरुषाला मानानं पाक म्हणतात तसं बाईला इबू, म्हणून सगळे त्यांना इबूच म्हणू लागले. बटाक मुलखातल्या, अंगानं भरलेल्या, निवृत्तीला आलेल्या. कचेरीत बसून त्यांनी भरपूर साखरेची कॉफी मागवली, तोंडावरची धुराची पट्टी खाली ओढली आणि चूड हातात घेतली. टोकावरची काजळी बोटानं पुसून पाहिली.

मग म्हणाल्या, "ही जळली कशी नाही?"

२

सरपंच हसले. "इबू, टोक बघा ना, काळं झालंय."

"टोकच काळं झालंय. माणूस होरपळला, एवढं थोरलं झाड पडलं, खालची जमीन जळून गेली. आणि जी वस्तू जळण्यासाठीच बांधतात ती हाताशी असून साबूत राहिली? कमरुल, तू होतास ना तिथं? ही राखेत पुरलेली होती की राखेवर?"

मी आठवलं. "वर होती."

"खाली काय होतं?"

"राखच."

"मग तुला तेव्हा विचित्र नाही वाटलं?"

"आम्ही दुःखात होतो, इबू."

"दुःखात, का रागात?"

 त्यांनी चूड नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. सालीला सुक्या मासळीचा वास येत होता, चुलीवरच्या माळ्यावर टांगलेल्या वस्तूंना येतो तसा.

"आधी लेकीकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

लिस्माचं घर नदीकाठी, खांबांवर उभं. दोन्ही मुली जिन्यावर बसून खोकत होत्या. युस्मादीनं आम्हाला चटई घातली. गडी उमदा होता, पण त्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरला होता.

"लोक हिच्याकडे बोट दाखवतात," तो म्हणाला. "बाजारात मासे द्यायला नाही म्हणाले परवा. सासरे हट्टी होते, कबूल आहे. पण रान त्यांनी मुद्दाम नाही पेटवलं. चुकून ठिणगी पडली असेल."

"पडली असेल," इबू म्हणाल्या. "लिस्मा, लग्नाच्या दिवशी ते कशाला गेले होते गं रानात?"

"मधाला." उत्तर लगेच आलं. "मी म्हटलं होतं, अबाह, आज नका जाऊ, लोक काय म्हणतील. ऐकलं नाही."

"आणि देह तुलाच सापडला?"

"हो. आग सरकल्यावर मी सकाळीच शोधायला निघाले. मग येऊन सगळ्यांना सांगितलं."

"एकटीच गेलीस?"

"हे आग विझवणाऱ्यांबरोबर नदीवर होते."

इबूंनी मान हलवली. उठता उठता त्यांनी धाकट्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुखपट्ट्यांचं एक पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. जिना उतरल्यावर मला म्हणाल्या, "या बाईला रडायचंय, पण ती रडत नाहीये. का ते कळत नाही."

३

मळेवाल्या कंपनीचे मॅनेजर पाक दारसोनो आम्हाला मळ्याच्या हद्दीवर भेटले. हद्द म्हणजे मळा आणि आमचं रान यांच्यामधला एक चर, दोन पुरुष खोल. पामला पाय भिजलेले चालत नाहीत, म्हणून मळेवाले असे चर खणून पाणी नदीत सोडतात. चराच्या तळाला चिखलाची रेघ तेवढी उरली होती.

"आमच्या हद्दीत एक ठिणगीही उडाली नाही," दारसोनो म्हणाले. "वरून काढलेले फोटो दाखवू का?"

"नको. हा चर किती वर्षांचा?"

"मी यायच्या आधीपासूनचा आहे."

"आणि पाणी कुणाचं जातं यातून?"

"चर आमच्या जमिनीत आहे, इबू. नकाशा बघा."

"पाण्याला नकाशा वाचता येतो का, पाक?"

दारसोनोंनी बुटानं एक ढेकूळ चरात ढकललं. वाईट माणूस नव्हता तो. "माझी बायको-मुलं मी बहिणीकडे पाठवलीत," ते म्हणाले. "धाकट्याला दमा आहे. मला काय हौस आहे या धुराची? पण वरून विचारतात ते टनात विचारतात. आणि खरं सांगू? तुमच्या साबणात, बिस्किटात, तळणाच्या कढईत आमचं तेल आहेच. ते बंद करा, मी चर बुजवतो."

इबू खोकल्या. 

परतताना त्यांनी मला जमिनीबद्दल विचारलं. मी सांगितलं ते असं. आमच्या रानाखाली माती नसते. हजारो वर्षांची पानं, मुळं, फांद्या पाण्याखाली साचून झालेला काळा थर असतो, त्याला आम्ही गांबुत म्हणतो. ओला असला की तो काडी लावली तरी पेटत नाही. वाळला की सरपणच. मापं घ्यायला शहरातून लोक येत, ते म्हणत की एवढ्या वर्षांचं रान जिथं पुरलंय ते एका उन्हाळ्यात जळून आभाळात गेलं, तर आभाळ बदलणारच. आम्ही मान हलवायचो. पण पूर्वी उन्हाळा संपायचा तेव्हा संपायचा. आता पाऊस येतो म्हणता येत नाही, नि आला तर जात नाही.

"म्हणून कालव्याला बांध घातलात?"

"दातुकांनी घालून घेतला. गावाच्या बाजूचं पाणी तरी रानात राहावं म्हणून. लाकडी फळ्यांचा."

सरपंचांच्या घरी मांडवाचे बांबू अजून पडले होते. बांधाचं नाव काढल्यावर पाक बस्तियार अस्वस्थ झाले. "लग्नाच्या आदल्या आठवड्यात फळ्या काढल्या होत्या," ते म्हणाले. "खुर्च्या, भांडी, पाहुणे, सगळं होडीनं येणार. बांध आडवा असता तर होड्या आल्या असत्या कशा? लग्न उरकल्यावर बसवणार होतो. मग हे झालं."

"म्हणजे फळ्या अजून काढलेल्याच आहेत?"

"असणार. कुणाला सवड होती?"

इबू माझ्याकडे वळल्या. सकाळी त्यांना बांधावरून मीच नेलं होतं. फळ्या खाचेत बसवलेल्या होत्या, आणि आमच्या बाजूला पाणी फळीला टेकून उभं होतं.

तेवढ्यात सरपंचीणबाई कॉफी घेऊन आल्या. "बरा नव्हता बाई मुहूर्तच," त्या बसत म्हणाल्या. "नवरानवरीला द्यायला गावचा मध हवा, तर तोही मिळाला नाही. बाजारातला पाकासारखा आणावा लागला. दातुक स्वतः म्हणाले, माश्या कधीच उठून गेल्या, या धुरात त्या थांबतील कशाला, पोळी रिकामी आहेत."

इबूंच्या हातातला कप तिथंच थांबला.

"रिकामी," त्या हळूच म्हणाल्या. "मग मधाला कोण गेलं होतं?"

४

दुसऱ्या दिवशी आम्ही पडलेल्या झाडापाशी गेलो. इबू खोडाला फेरी घालून शेंड्यापर्यंत चालत गेल्या. शेंड्याची पानं वाळून गेली होती, पण जळलेली नव्हती. बुंधा मात्र कोळसा, आणि मुळं तर उरलीच नव्हती. झाडाच्या पायाखालची जमीनच आगीनं आतून पोखरली होती.

"चुडीची ठिणगी पडली तर आग वरून लागते," इबू म्हणाल्या. "गवत, पालापाचोळा, मग बुंधा. ही खालून आली. इथं लागलेली नाही ही आग. इथं ती बाहेर पडली."

गांबुतातली आग अशीच असते. वर विझली वाटते, आणि खाली मुळांच्या वाटेनं सरपटत राहते. ती कुठं डोकं वर काढील याचा नेम नाही. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण चूड बघितल्यावर आम्ही ते विसरलो होतो, किंवा विसरणं आम्हाला सोयीचं होतं.

आतून जळलेली जमीन वरून खचते. इबू तशी खचलेली वाट शोधू लागल्या. मीच ती आधी पायानं शोधली. पाय मांडीपर्यंत आत गेला आणि चप्पल वितळेल असा चटका बसला. दोघांनी ओढून मला बाहेर काढलं, म्हणजे एकट्या इबूंनीच. दुसरा हात एका वेलीचा. मग काठीनं ठोकत आम्ही त्या वाटेनं मागे मागे गेलो. कुठं राखेची खाई, कुठं नुसता दबलेला पाचोळा. वाट वाकडीतिकडी होती, पण तुटत नव्हती.

ती संपली रानाच्या कडेला. तिथं झाडीआड एक लहानसा तुकडा साफ केलेला होता. अंगणाएवढाच, फार तर दोन अंगणांएवढा. कापलेल्या झाडांचे काळे बुंधे, आणि त्यांच्यामध्ये काठ्यांच्या आधारानं उभी केलेली पामची कोवळी रोपं. गावाच्या रानात, गावाच्या नाकासमोर, आणि गावाला पत्ता नाही.

"रोपं कुठं मिळतात इथं?" इबूंनी विचारलं.

"एकाच ठिकाणी," मी म्हणालो. "वागिमानकडे."

५

मास वागिमान हा कालव्याकाठचा जावानी शेतकरी; मास म्हणजे त्यांच्यातलं 'दादा'. लहान होता तेव्हा सरकारी वसाहतीत आईबापांबरोबर आला, इथंच म्हातारा झाला, तरी गावाच्या लेखी पाहुणाच. आम्ही पोचलो तेव्हा बातमी आमच्या पुढे गेली होती. त्याच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि रोपांच्या पिशव्या पायांखाली तुडवल्या जात होत्या.

"रान खाल्लंस, आता म्हाताऱ्याचा जीवही खाल्लास," कुणीतरी ओरडलं.

वागिमान पडवीत उभा होता, हात जोडलेले. इबू गर्दीतून सरळ आत गेल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांचं बसणं असं होतं की त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नसती.

"मास, रोपं तुम्ही विकता?"

"हो, इबू."

"त्या तुकड्यासाठी कुणी नेली?"

"नाव मी घेणार नाही. घेतलं तर हे म्हणतील, परका माणूस आपली कातडी वाचवायला खोटं बोलतोय."

"बरं, राहू द्या. लग्नाच्या दिवशी दातुक दिसले होते तुम्हाला?"

वागिमाननं गर्दीकडे पाहिलं, मग इबूंकडे. "दिसले. मी मांडवात उशिरा गेलो, नवे बूट चावत होते म्हणून. दातुक बांधावर होते. कमरेपर्यंत भिजलेले, फळ्या बसवत होते एकटेच. मी म्हटलं, मदत करू का? तर म्हणाले, तू जा, जेवण गार होईल. आज कुणाला त्रास नको, सणाचा दिवस आहे. मग खांद्यावर फावडं टाकून रानाकडे गेले."

"फावडं होतं? नक्की?"

"त्यांचं नेहमीचंच. रुंद पात्याचं."

"चूड?"

"नव्हती, इबू. दुसरा हात रिकामा होता. त्याच हातानं त्यांनी मला निरोप दिला."

इबू उठून पडवीच्या कडेला आल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? देह उचलायला तुमच्यातले बरेच होते. फावडं बघितलं कुणी?"

दोघातिघांनी नकारार्थी मान हलवली.

"दांडा जळेल, लोखंड जळत नाही. ते राखेत सापडायला हवं होतं, ते नाही. आणि चूड जळून जायला हवी होती, ती आहे. म्हणजे दातुक गेल्यानंतर कुणीतरी तिथं आलं, एक वस्तू नेली आणि दुसरी ठेवली. ते मास वागिमाननी केलं असतं तर आज फावड्याची गोष्ट त्यांनी मला सांगितलीच नसती. तेव्हा रोपं तुडवणं थांबवा."

गर्दी ढिली झाली. मागून एक माणूस पुढे आला. युस्मादी.

"रोपं माझी आहेत," तो म्हणाला.

सरपंचांनी डोक्यावरची काळी टोपी काढून हातात घेतली. युस्मादी कुणाकडेही न बघता बोलत होता. "मासळी राहिली नाही नदीत. दोन मुली आहेत. नदीपलीकडे सगळ्यांची पक्की घरं झाली, ती पामवर झाली. मी एवढासा तुकडा साफ केला, लग्नाच्या बरेच दिवस आधी. काडीकचरा जाळला, आणि विझवला. देवाशपथ विझवला. दोघांनी डबे भरभरून पाणी ओतलं, धुराचा धागासुद्धा राहिला नव्हता. फावड्याचं मला माहीत नाही. पण माझी आग विझली होती. ही आग अबाहच्या चुडीची आहे."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. इबूंनाही दिसलं असावं. त्यांनी फक्त एक शब्द उचलला.

"दोघांनी म्हणजे?"

६

दुसरी अर्थात लिस्मा. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. आम्ही आत गेलो तरी तिचा हात थांबला नाही. इबू तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी दारात राहिलो, युस्मादी माझ्या मागे. चुलीवरच्या माळ्यावर सुकी मासळी टांगली होती, आणि तिच्या शेजारी तशाच दोन चुडी, जुन्या, काजळी धरलेल्या. त्यांच्यामध्ये एक मोकळी खुंटी होती.

"लिस्मा," इबू म्हणाल्या, "पोळी रिकामी आहेत हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. मध उतरवणाऱ्याच्या लेकीला ठाऊक नसेल? तू मधाचं नाव घेतलंस तेव्हाच मला थांबायला हवं होतं. देहापाशी सगळ्यांच्या आधी एकटी तू होतीस. फावडं कुठं टाकलंस?"

तांदळातला हात थांबला.

"कंपनीच्या चरात," ती म्हणाली. "चिखलात रुतलं असेल."

माझ्या मागे युस्मादीनं दाराची चौकट धरली.

"लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अबाह आले होते," लिस्मा बोलू लागली. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. "जिन्याशीच उभे राहिले, वर आले नाहीत. म्हणाले, युस्मादीला सांग, तिकडची जमीन पायाला गरम लागतेय. लग्न उरकलं की मी नि तो मिळून बघू. म्हणजे त्यांना तुकड्याचं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. चिडले नाहीत, काही नाही. मुलींना खारका दिल्या आणि गेले. मी ह्यांना सांगितलं नाही. हे मांडवाच्या कामात होते, वाटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी काय होतंय."

"आणि सकाळी शोधायला गेलीस तेव्हा?"

"आधी आमच्याच तुकड्यावर गेले. तिथून जमीन खचलेली दिसली. खचत खचत आत गेलेली. मी तिच्या कडेकडेनं चालत गेले, इबू. दर पावलाला वाटायचं, ही आता दुसरीकडे वळेल. वळली नाही. थेट अबाहपर्यंत गेली. त्यांनी झाडाभोवती चर खणायला घेतला होता. अर्धा झाला होता, राखेनं बुजत चालला होता."

तिनं परातीवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"फावडं तिथं दिसलं असतं तर कुणीही विचारलं असतं, म्हातारा कुठली आग विझवत होता? मग ह्यांना नेलं असतं. मुलींचा बाप तरी राहू दे, असं वाटलं. अबाह तर गेलेच होते. त्यांना कोण तुरुंगात टाकणार? मी घरी आले, चूड काढली, टोक चुलीत धरलं आणि परत गेले. त्यांच्या हातात द्यायला जमलं नाही मला. शेजारी ठेवली."

इबू म्हणाल्या, "नवऱ्याला काही बोलली नाहीस?"

"नाही. त्यांना वाटू दे की आपली आग विझली होती."

युस्मादी पुढे आला. तो तिला मारील की काय असं क्षणभर मला वाटलं. तो तिच्या शेजारी खाली बसला आणि सांडलेले तांदूळ एकेक करून परातीत टाकू लागला. बराच वेळ ते दोघं तेच करत होते. मग तो इबूंना म्हणाला, "चला. मी शर्ट बदलतो."

७

इबूंनी अहवालात तीन गोष्टी लिहिल्या. कंपनीच्या चरानं वर्षानुवर्षं रानाचं पाणी ओढलं. लग्नासाठी गावानं बांधाच्या फळ्या काढल्या, म्हणून उरलेलं पाणीही उतरलं आणि विझलेली आग खाली जिवंत राहिली. आणि ती आग युस्मादीनं लावली. वरच्या कचेरीत पहिल्या दोन गोष्टी गळल्या. त्यांना आरोपी नाही, असं कळवण्यात आलं. युस्मादीला शिक्षा झाली. लिस्माला न्यायाधीशांनी मुलींकडे बघून समज देऊन सोडलं.

रान मात्र गावाच्या नावावर राहिलं. गावचा माणूस ते वाचवताना मेला, असं इबूंनी लिहिलं होतं, आणि ते कुणाला खोडता आलं नाही. राहिलं म्हणजे निम्मं राहिलं. निम्म्यात काळे बुंधे आहेत. पाऊस लांबला आणि मग कोसळला. जळालेली जमीन खचलेली, त्यामुळे तिथं पाणी साचून तळं झालं, आणि खालच्या आळीतली चार घरं वर्षातून दोनदा पाण्यात जाऊ लागली.

पावसाआधी एकदा गावानं दातुकांच्या कबरीवर दुआ केली. या वेळी सगळे आले. सरपंचांची लेक, ती नवी नवरी, सासरहून आली आणि लिस्माजवळ जाऊन, थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी, म्हणाली, "काक, फळ्या माझ्या लग्नासाठी काढल्या होत्या." लिस्मानं तिचा हात धरला, सोडला. वागिमान एका कडेला उभा होता. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही, पण परत जाताना दोघातिघांनी त्याच्याशी हात मिळवले.

इबूही आल्या होत्या, साध्या कपड्यांत. धक्क्यावर होडीची वाट बघताना लिस्मा त्यांच्यापाशी गेली.

"इबू, मी फावडं तिथंच राहू दिलं असतं तर काय झालं असतं?"

"नवरा तुरुंगात गेलाच असता."

"आणि?"

इबूंनी नदीकडे पाहिलं. "आणि तुझ्या बापाला गावानं खांद्यावरून नेलं असतं."

 होडी लागली, इबू गेल्या. नंतर त्या निवृत्त झाल्याचं ऐकलं.

मी अधूनमधून जिल्ह्याला जातो तेव्हा युस्मादीला भेटतो. लिस्मा महिन्यातून एकदा जाते, मुलींना घेऊन. तो बारीक झालाय. आत गवंडीकाम शिकला. भेटल्यावर पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, बांधाला पाणी किती आहे. मी सांगतो, फळीच्या वरच्या खाचेपर्यंत, किंवा जरा खाली. आता गाव आळीपाळीनं बांध बघतं, होड्या सगळे उचलून बांधापलीकडे नेतात, हेही सांगतो. त्याला बरं वाटतं.

मागच्या खेपेला त्यानं आणखी एक विचारलं. "आणि त्या बाजूला? कंपनीचा चर?"

खोटं सांगता आलं असतं. पण तिथं खोटं बोलवेना.

"वाहतोय," मी म्हणालो. "या वर्षी आणखी खोल केलाय."

 मग तो थोरल्या मुलीचा खोकला थांबला का, ते विचारू लागला.